लीद पडली होती तरी

शेलूबाजार
२० नोव्हेंबर २०२४

हरीओम,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं यात माझे दोन कागद वाया गेले. तू धाकटा, तेव्हा आशीर्वाद लिहायला पाहिजे. पण अडीच वर्षांत आपल्या दोघांत एक धड वाक्य झालेलं नाही, आणि कोरडा आशीर्वाद तू वाचशील अन् घडी घालून ठेवशील हे मला ठाऊक आहे. म्हणून सरळ कामाचं लिहितो. तुझा चाकणचा पत्ता तुझ्या सासऱ्यांकडून घेतला. त्यांनी दोनदा विचारलं, कायले पाहिजे. मी म्हटलं, माहिती पाहिजे.

माहितीच पाहिजे आहे. घोड्याच्या पोटदुखीची एक वही मी करायला घेतली आहे. सातवीपुढे मी शाळा पाहिली नाही, तरी मानोऱ्यापासून मंगरूळपीरपर्यंत कोणाची वरातीची घोडी लोळायला लागली की माणूस आधी मला विचारतो. आजवर एकशे अठरा जनावरं पाहिली. त्यातली एकशे एक उठली, सतरा गेली. प्रत्येकाची तारीख, वेळ, लक्षणं आणि उपाय मी लिहून ठेवले आहेत. फक्त एका जनावराचं पान अर्धवट आहे. आपल्या नूरीचं.

तू पहाटेपासून तिच्याजवळ होतास, मी साडेआठला आलो. त्यामुळे पान तुझ्याशिवाय पुरं होत नाही. सात गोष्टी मला हव्या आहेत, आणि अंदाजानं नकोत. त्या दिवशी, म्हणजे ११ मे २०२२ ला, तिनं पहिल्यांदा पायानं जमीन खरवडली ती किती वाजता? त्याआधी तिनं काय खाल्लं होतं, आणि कधी? पाणी कधी प्यायली? लीद किती वाजता पडली आणि किती गोळे? तिचे हिरडे तू पाहिलेस ते किती वाजता, आणि रंग नेमका कोणता? ती शांत कधी झाली? आणि शेवटी पडली ती कोणत्या अंगावर?

तुला परत बोलावण्यासाठी मी लिहीत नाही, आणि जुनं उकरून काढण्यासाठीही नाही. तू ओला चना जास्त घातलास म्हणून नूरी गेली, असं मी तेव्हा लोकांसमोर बोललो होतो. ते बोलून झालं. चन्याचा विषय या पत्रात नाही.

मायची तब्येत ठीक आहे. सोनपरी घोडीला या हंगामाचं पहिलं लग्न कारंज्याच्या बाजूचं मिळालं आहे.

नरेंद्र

—

शेलूबाजार
३० नोव्हेंबर २०२४

हरीओम,

दहा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. येईल तेव्हा येवो. पण पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही आणि ती न लिहिता तुझ्याकडून माहिती मागितली. असं अर्धं सांगून पुरं मागणं मला जमत नाही, म्हणून हे दुसरं पत्र.

वही करण्याची बुद्धी मला आपोआप झालेली नाही.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, सेवादासचा फोन आला. सेवादास म्हणजे मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, पांढरी घोडी आहे त्याची, तू तिला एकदा नाल ठोकून घेताना धरली होतीस. म्हणाला, घोडी सकाळपासून लोळून राह्यली, कुशीकडे मान वळवून पाह्यते. मी मोटारसायकल काढली, नऊ वाजून दहा मिनिटांनी तिथे पोचलो. घोडी घामानं ओली. जबड्याखालची शीर धरली, घड्याळ लावलं. मिनिटाला चौसष्ट ठोके. निरोगी घोडीचे चाळीसच्या आत असतात हे तुला माहीत आहे. चौसष्ट जास्तच होते. पण गोठ्यात लीद पडलेली होती. ताजी, ओली, सहा गोळे. मी सेवादासला म्हटलं, "लीद पडली, म्हणजे आतडं मोकळं आहे. गॅस आहे. तेल तापव."

हिंग-ओवा घातलेलं जवसाचं तेल कोमट झालं. घशात तेल ओतायचं बांबूचं नळकांडं मी सोबत नेलंच होतं. सेवादासनं घोडीचं डोकं वर उचललं. एवढ्यात त्याच्या बायकोनं परस्पर बोलावलेली डॉक्टरबाई गाडीवरून उतरली. निकिता नाव. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मानोऱ्याला नवीन आली आहे.

दारातूनच म्हणाली, "काका, तेल खाली ठेवा."

मी म्हटलं, माझ्या हातून एकशे एक जनावरं उठली आहेत. ती म्हणाली, एकशे दोन होऊ द्या, पण तेल खाली ठेवा. सेवादास एकदा माझ्याकडे पाहे, एकदा तिच्याकडे. त्याच्या बायकोनं नळकांडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि भिंतीला उभं केलं. एवढं कोणी माझ्याशी कधी केलेलं नाही. मी निघून जाणार होतो. गेलो नाही, कारण ती आता काय करते आणि कुठे चुकते ते मला बघायचं होतं. हे खरं कारण आहे, म्हणून लिहितो.

तिनं घोडीच्या नाकातून लांब रबरी नळी घातली. नळी पोटात उतरली की नाही ते मानेवर हात ठेवून पाहिलं. मग वरून थोडं पाणी ओतलं आणि नळीचं टोक खाली बादलीत सोडलं. हिरवट, आंबूस वासाचं पाणी भळभळ यायला लागलं. थांबेना. तिला मोजायला सवड नव्हती. मी मोजलं. दहा लिटरच्या बादलीला अर्धा लिटर कमी. साडेनऊ लिटर. घोडीची शीर परत धरली तर बावन्न.

मी विचारलं, "पण लीद पडली होती ना?"

ती म्हणाली, "काका, तुमच्या वावरात मोटारीपासून स्प्रिंकलरपर्यंत पाइप किती लांब आहे?"

म्हटलं, सहाशे फूट.

"तो मधातच कुठं तुंबला, तर टोकातून पाणी त्याच क्षणी बंद होते का?"

"नाही. पाइपात भरलेलं असते तेवढं टपकत राह्यते."

"तेच टपकलं," ती म्हणाली. "लीद अडथळ्याच्या पुढची आहे. मागं काय साचलं ते बादलीत पहा. घोड्याले उलटी करता येत नाही. वर येऊ शकत नाही म्हणून ते पोट फाडते. तुमी त्याच्यावर अजून एक लिटर तेल ओतणार होते."

हरीओम, गुरांवर शिकलेला माणूस घोड्यावर कसा चुकतो ते मला त्या घडीला कळलं. बैल अडकला तर मी शेण पाहत आलो, शेण आलं की सुटलो म्हणत आलो. आणि बैलावरची ती खूण मी घोडीच्या अंगावर ठेवली, वीस वर्षं.

पुढचं थोडक्यात. खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून तिनं आतून तपासलं. म्हणाली, बारीक आतडं फुगलं आहे, सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबा एकीवर एक ठेवल्यासारखं हाताला लागते. मग पोटाखालचे केस काढून सुई टोचली. बाटलीत पिवळं पाणी जमा झालं. ती बाटली तिनं सेवादासच्या घरातल्या पेपरासमोर धरली आणि बाटलीतून पलीकडची अक्षरं वाचून दाखवली. पाणी स्वच्छ आहे, म्हणजे आतडं नुसतं तुंबलं आहे, पिळलेलं नाही, अजून जिवंत आहे. ती म्हणाली, त्या पाण्याला लाली असती तर गोष्ट इथं थांबली नसती. मग एक तर मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडणं, नाहीतर सुई देऊन जनावराची सुटका.

घोडीला सलाइनच्या बाटल्या लावल्या, दर दोन-तीन तासांनी नळी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोन मुठी हिरवा चारा मागितला. वाचली. मी तिला माझ्या एकशे एकमध्ये धरलेलं नाही.

निघताना डॉक्टरबाईला मी विचारलं, एका घोडीला लीद पडली होती, तेल दिलं, हिरडे जांभळे झाले, दुपारी ती एकदम शांत झाली, आणि साडेचारला गेली. ते काय असेल? तिनं विचारलं, कोणाची घोडी? मी म्हटलं, ओळखीच्या एका माणसाची.

ती काय म्हणाली ते पुढच्या वेळी लिहीन.

नरेंद्र

—

शेलूबाजार
१४ डिसेंबर २०२४

हरीओम,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. सातही उत्तरं, मी विचारली त्याच क्रमानं. "साडेसहा. रात्री कडब्याच्या दोन पेंढ्या, सकाळी काही नाही. पहाटे अर्धी बादली पाणी. आठ वाजता, पाच गोळे. सव्वाअकरा, वांग्यासारखे. एक वाजता. डाव्या अंगावर." खाली तारीख आणि सही. "भाऊ" असं कुठंच नाही. आणि चन्याबद्दल एक अक्षर नाही.

मी ते पत्र दिवसभर खिशात घेऊन फिरलो. तू चार शिव्या लिहिल्या असत्यास तर मी त्यांना उत्तर दिलं असतं. तू खरं तेवढंच लिहून मला मोकळं सोडलंस, आणि मग माझ्याकडून हे लिहिल्यावाचून राहवेना.

आधी डॉक्टरबाई काय म्हणाली ते. ती म्हणाली, त्या घोडीचं आतडं पिळलं असणार. जांभळे हिरडे म्हणजे विष रक्तात चढलं. आणि दुपारी ती शांत झाली ती बरी झाली म्हणून नाही. पिळलेल्या जागी आतडं मेलं. मेलेलं दुखत नाही. ती म्हणाली, "ही शांती दिसली की शिकलेला माणूस घाबरते, काका." मग विचारलं, तेल किती दिलं होतं? मी म्हटलं, दीड लिटर.

त्या दिवशी सव्वाअकराला तू मला म्हणाला होतास, "भाऊ, तिचे हिरडे पाह्य गा, जांभळे पडून राह्यले." मी पाहिले नाहीत. म्हटलं, गोठ्यात अंधार आहे म्हणून तसं दिसते. तू पुन्हा म्हणालास, डॉक्टरले बोलावू. मी म्हटलं, तुले माझ्यापेक्षा जास्त समजते का? एक वाजता ती शांत झाल्यावर मी अंगणात सगळ्यांसमोर जाहीर केलं की झाली मोकळी, पाहा. सोनपरी घेतली आणि मंगरूळपीरच्या वरातीला निघून गेलो. तू एकटा तिच्याजवळ राहिलास. ती तुझ्या हातात गेली. त्या वेळी माझ्या डोक्याला फेटा होता.

आता चना.

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा बँडवाला धरमसिंग त्याच्या ताफ्यासह सोबत होता. तो दारातच म्हणाला, "अहो, तुमी तर म्हटलं होतं मोकळी झाली?" सात माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. गोठ्याच्या दाराशी ओल्या चन्याची बादली होती, अर्धी रिकामी. मी म्हटलं, "हरीओमनं ओला चना घातला वाटते. याले कितीदा सांगितलं."

ती बादली मी अर्धी रिकामी केली होती. सकाळी नऊ वाजता, सोनपरीला वरातीला जायचं म्हणून तिला घातला. तू मला घालताना पाहिलं होतंस. नूरीनं त्यातला एक दाणा खाल्ला नव्हता. हे मला त्या संध्याकाळी बोलतानाही माहीत होतं. चुकून बोललो असं मी आजपर्यंत स्वतःला सांगत आलो. चुकून नाही. सात माणसं पाहत होती म्हणून बोललो.

तू हातात तिचा दोर धरून उभा होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प बसलास. नंतर मी ते वाक्य जिथं जाईन तिथं सांगितलं, कारण एकदा सांगितल्यावर सांगत राहावं लागलं. पुढच्या हंगामात तुझ्या हातात कोणी घोडीचा लगाम दिला नाही. वरातीत पोरं तुला "चनेवाला" म्हणायला लागली. २०२३ च्या दिवाळीनंतर तू वैजयंतीसह बिऱ्हाड घेऊन चाकणला गेलास. जाताना मला म्हणालास, येतो. मी म्हटलं, जा.

वहीत नूरीचं पान काल पुरं केलं. त्याची नक्कल सोबत पाठवतो. "कारण" या रकान्यात काय लिहिलं आहे ते वाच. एखादी वेळ चुकली असेल तर दुरुस्त करून पाठव.

माफी मागण्याबद्दल मी विचार केला. बंद पाकिटात मागितली तर ती फक्त तुझ्या-माझ्यात राहील, आणि खोटं तर तीन तालुक्यांत फिरलं आहे. तेव्हा ते काम आधी, बाकी नंतर.

नरेंद्र

—

शेलूबाजार
५ जानेवारी २०२५

हरीओम,

तू नक्कल परत पाठवलीस, एका दुरुस्तीसह. मी लिहिलं होतं "सव्वाअकराला सांगितलं", तू खोडून केलंस "सव्वाअकरा व पावणेबारा, दोनदा". बरोबर आहे. वहीत दुरुस्त केलं.

सुरुवात मायपासून केली. ती तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. मी सगळं सांगितलं, बादलीसकट. तिनं मान वर केली नाही. ताटातली डाळ निवडून संपवली, मग म्हणाली, "मले कायले सांगतो? माह्यासमोर बोलला होता का तू? ज्यायच्यासमोर बोलला त्यायले सांग." अन् थोड्या वेळानं, "हरीओमले लिहिलं का?" म्हटलं, लिहिलं. "मंग बस, जेव."

मी यादी केली. कोणाकडे ते वाक्य बोललो होतो ते आठवून आठवून. अकरा घरं निघाली, सगळी घोडीवाल्यांची किंवा बँडवाल्यांची. पौषात मुहूर्त नाहीत, माणसं घरी सापडतात. ज्या क्रमानं बोललो होतो त्याच क्रमानं जायचं ठरवलं, म्हणजे मधलं एखादं घर सोयीनं सुटायला नको.

पहिला धरमसिंग. बँडची पेटी पुसत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, दीड वर्ष आमी हरीओमले जे टोमणे मारले, ते आता वापस कसे घ्यावं? त्याची काही रीत आहे का तुमच्या वहीत?" मी म्हटलं, पोरांना सांगा, पुन्हा ते नाव काढायचं नाही. तो म्हणाला, पोरं माझं ऐकत असती तर सुरात वाजवत असती. पण सांगतो म्हणाला.

दुसरा अमरसिंग. त्याला वाटलं मी मतं मागायला आलो. "ग्रामपंचायतीले उभे राह्यता का? घरोघर फिरून राह्यले म्हणून म्हटलं." त्याच्याकडे तीन माणसं बसली होती, तिघेही हसले. मी त्यांचं हसू संपेपर्यंत थांबलो आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण मधात हसल्यामुळे बादलीची गोष्ट नीट ऐकली गेली नव्हती. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. अमरसिंगची म्हातारी ओसरीतून म्हणाली, "मोठ्या भावानं असं करावं काय गा?" मी म्हटलं, नाही करावं.

प्रत्येक घरी मी दोन गोष्टी करतो. आधी ते सांगतो. मग त्यांच्या घोडीजवळ जाऊन शीर कशी धरायची, हिरडा दाबून सोडला की किती वेळात गुलाबी व्हायला पाहिजे, लीद पडली तरी फसायचं कसं नाही, हे दाखवतो. नाडी साठाच्या पुढे गेली, दुखणं औषधानंतरही परत आलं, हिरडे काळवंडले, किंवा लोळणारं जनावर अचानक शांत उभं राहिलं, तर डॉक्टरला बोलावायचं आणि तोंडातून काहीच घालायचं नाही. डॉक्टरबाईचा नंबर लिहून देतो. सेवादासकडे गेलो तेव्हा त्यानं मला आधी त्याची घोडी दाखवली. तब्येतीनं भरली आहे. त्याच्या बायकोनं माझं नळकांडं जपून ठेवलं होतं, ते परत देऊ लागली. मी म्हटलं, राहू द्या.

आजपर्यंत सहा घरं झाली. लोक मला आता पोटदुखीला बोलावतील की नाही, सांगता येत नाही. दोन जणांनी तसं तोंडावर सांगितलं.

सातवं घर वाशीमचे जानराव. ते तुला माहीत आहेत.

नरेंद्र

—

शेलूबाजार
१२ जानेवारी २०२५

हरीओम,

हे पत्र जरा लांबेल, तू सवडीनं वाच.

जानरावांकडे तीन घोड्या आहेत. वाशीमच्या बाजूला हंगामात कोणता लगाम कोणाच्या हातात जाईल हे त्यांच्या ओट्यावर ठरतं, आणि तुला काम द्यायचं नाही हे पहिल्यांदा त्यांनीच म्हटलं होतं. माझ्या सांगण्यावरून. म्हणून तिथं जाताना माझी छाती धडधडत होती. मी ठोके मोजले नाहीत.

ते दाढी करून घेत होते. न्हावी समोर, आरसा एका मुलीच्या हातात. म्हणाले, बोला. मी म्हटलं, यांचं होऊ द्या. म्हणाले, न्हाव्यासमोर बोलता येत नाही अशी गोष्ट असेल तर बोलूच नका. मग मी न्हाव्यासमोर बोललो. सगळं. आता मला ते कमी शब्दांत सांगता येतं, कारण सहा वेळा सांगून झालं आहे.

जानरावांनी अर्ध्या साबणाच्या तोंडानं विचारलं, "म्हणजे नूरी तुह्या हातानं मेली?"

"तिचं आतडं पिळलं होतं. ते कोणाच्या हातात नव्हतं. पण डॉक्टर येऊ दिला नाही मी, तेल घातलं मी, आणि सोडून गेलो मी."

"मी विचारलं, कोणाच्या हातानं?"

"माह्या," मी म्हटलं.

न्हाव्याचा हात थांबला होता. जानरावांनी त्याला चालव म्हणून खूण केली. मग म्हणाले, "अडीच वर्षं खोटं बोलला. आता खरं बोलून राह्यला, हे मी कायवरून समजू?"

मी म्हटलं, "त्या बोलण्यानं माझं नाव वाढत होतं. ह्यानं कमी होऊन राह्यलं. यावरून समजा."

त्यांनी तोंड पुसलं. उठून गोठ्याकडे चालू लागले. मी मागून गेलो. त्यांची काळी घोडी बाहेर बांधली होती. म्हणाले, दाखव काय दाखवतो ते. मी त्यांचं बोट धरून जबड्याच्या आतल्या कडेला शिरेवर ठेवलं. त्यांना सापडेना. तीनदा हुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला शिवी दिली. चौथ्यांदा सापडलं, आणि ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाचा चेहरा बदलला. घड्याळ मी धरलं. मोजून म्हणाले, "छत्तीस." मी मोजले होते सदतीस. तरी मी छत्तीसच धरले.

मग ते म्हणाले, "पुढच्या खेपेले घोडी लोळली तर तुले बोलावणार नाही."

"नका बोलावू. डॉक्टरले बोलवा. पण ती येईपर्यंत मोजत राहा, आणि तोंडात काही घालू नका."

"अन् तुह्या पोटाचं काय?"

"माझ्याकडे सोनपरी आहे. वरात कोणी नेऊ देईल तोवर नेईन."

जाताना त्यांनी मला ओट्यावर थांबवलं. म्हणाले, माघ लागल्यावर त्यांच्या घरचं लग्न आहे, नातवाचं. घोडी काळीच राहणार. लगाम हरीओमच्या हातात पाहिजे. "माझ्याच ओट्यावरून त्याचं नाव खाली आलं, तर वर पण इथूनच जाईल. पत्ता दे, मी माणूस पाठवतो चाकणले."

हरीओम, मी पत्ता दिला नाही.

खिशात होता. तुझंच पाकीट, तुझ्याच अक्षरातला. हात तिथपर्यंत गेलाही. पण तू चाकणला काय करतोस, तिथलं तुझं काम सोडून चार दिवस यायची तुझी इच्छा आहे का, तुला घोडीच्या दोराला पुन्हा हात लावायचा आहे का, यातलं मला काहीच माहीत नाही. आजवर मी तुझ्याबद्दल जे जे ठरवलं ते तुला न विचारता ठरवलं. म्हणून जानरावांना म्हटलं, आधी त्याले विचारतो. ते चिडले. म्हणाले, "मी बोलावून राह्यलो, अन् हा विचारायले चालला." मी म्हटलं, तरी विचारतो.

तेव्हा विचारतो. पत्ता देऊ का? एका शब्दाचं उत्तर पुरे. नको म्हणालास तर मी जानरावांना नको म्हणून सांगीन आणि कारण विचारणार नाही. हो म्हणालास तर ते परस्पर तुझ्याशी बोलतील. मी मध्ये नसेन, आणि त्या लग्नाच्या दिवशी मी सोनपरी घेऊन दुसऱ्या गावी असेन असं बघीन, म्हणजे तुला माझ्यासमोर लगाम धरावा लागणार नाही.

तुझं उत्तर येवो न येवो, उरलेली चार घरं मी करणार आहे. उद्या सकाळी सातला कारंज्याकडे निघतो.

नरेंद्र